माझ्यासमोर जेवा

सोमवार, दि. ९ मार्च

चि. धाकटीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. क्षेम म्हणजे माझ्या मते क्षेम. डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं, पण त्यांना कोण पत्र लिहायला सांगतंय?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. किरणोपचारानंतर माझा आवाज असा काही बसलाय की फोनवर 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा माणूस घाबरून ठेवूनच देतो. आणि तू फोनवर रडतेस. तुझं रडून होईपर्यंत माझा उरलासुरला आवाज संपतो आणि बोलायचं तसंच राहतं. आता खुशाल रड, मला दिसणार नाही.

तू पाठवलेले पावडरचे डबे पोचले. एवढे डबे बघून शेजारीण विचारत होती, दुकान काढताय का म्हणून. फुलं पोचली. ती मऊ उशीही पोचली. तू तेवढी पोचली नाहीस. हॉस्पिटलात येतेस, दारात उभी राहतेस, माझ्या पायांकडे बघून बोलतेस आणि जेवणाची वेळ झाली की तुला नेमकं काहीतरी काम आठवतं. असो.

मी कामावर जाते. डोळे मोठे करू नकोस. सकाळचा अर्धा दिवसच. शाळांच्या गणवेशांचा हंगाम आहे, कापडाचे तागेच्या तागे येऊन पडलेत आणि कटिंगच्या टेबलाशी मी नसले तर काय गोंधळ होतो ते मालकांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी 'मास्तरीणबाई, घरी आराम करा' असं म्हणून बघितलं. मी म्हटलं, साहेब, बिघडलीय ती अन्ननलिका, हात शाबूत आहेत. ओरडता येत नाही म्हणून आता मापाचा लाकडी गज टेबलावर आपटते. पोरी म्हणतात, बाई, तुमचं ओरडणंच बरं होतं. परवा नव्या मुलीनं कापडाचे थर लावले आणि मी नुसता हात फिरवून सांगितलं, मधला एक थर उलटा आहे. होता! सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला अस्सा आनंद झाला म्हणून सांगू. केमोनं केस नेले, नखं काळी केली, पण बोटांतलं कसब काही नेता आलं नाही तिला.

पोटात बसवलेली नळी आता अंगवळणी पडलीय. घरच्या कपड्यांना मीच बाजूनं एक झडप शिवून घेतलीय, त्यामुळे गळ्यापर्यंत कपडे वर करून बसायला लागत नाही. आहाराची पिशवी खुंटीला टांगायची, नळी जोडायची, थेंब सोडायचा. हे सगळं तुझे भावोजी करतात. हात धुतात, पिशवी कोमट आहे का बघतात, नळीत पाणी सोडून ती साफ करतात, इतक्या मायेनं की मी त्या पिशवीचं नाव 'सवत' ठेवलंय. इतक्या वर्षांच्या संसारात माझी वेणी कधी घातली नाही या माणसानं, आणि हिची बडदास्त बघ! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, म्हणतो कसा, 'यंत्र आहे गं, वेळेवर तेलपाणी लागतं.' पण खरं सांगते, हॉस्पिटलातल्या सिस्टरनं त्यांचं काम बघून दुसऱ्या पेशंटच्या नवऱ्याला बोलावून दाखवलं. मी पलंगावर पडल्यापडल्या मान ताठ करून घेतली.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्यासाठीच तर पत्र लिहायला बसले.

गेल्या महिन्यात मला वाटायला लागलं की माझं नाक गेलं. औषधांनी वास-चव बदलतात असं सांगितलेलंच होतं. घरात कसलाच वास येईना. फोडणीचा नाही, भाताचा नाही, दूध उतू गेल्याचासुद्धा नाही. म्हटलं, चला, तोंड गेलं तसं नाकही गेलं, सुटले एकदाची. त्याच सुमारास मला दिसलं की यांची पँट कमरेवर थांबत नाहीये. माझ्या नजरेतून कंबर सुटेल का? पण विचारलं तर म्हणाले, कापड सैल झालंय. मला सांगताहेत, कापड सैल झालंय म्हणून!

मग आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. माझं वजन बघून त्या खूश झाल्या. घसरलं नव्हतं, उलट जरासं वरच सरकलं होतं. त्यांनी सहज यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'काका, तुम्हीपण चढा बरं काट्यावर.' आणि झालं! पेशंट मी, आणि बोलणी यांनी खाल्ली. मला हसू आवरेना. हसताना ठसका लागला तरी हसत होते. पण घरी येताना रिक्षात माझं हसू गेलं. स्वयंपाक तर मुलगा आणि सूनबाई रोज वेळेवर करत होती ना?

दुसऱ्या दिवशी कामावर एका पोरीनं डबा उघडला आणि तळलेल्या कांद्याचा वास थेट माझ्या नाकात शिरला. मी गज खाली ठेवला. अगं, नाक होतं की जागेवर! मग घरात काय झालं होतं?

मी तशीच घरी आले. शेगडी गार. भांडी कोरडी ठणठणीत. जेवणाचं टेबल जागेवर नाही, आणि इतके दिवस मी घरात शिरले की थेट आतल्या खोलीत जाऊन पडायची, म्हणून मला पत्ताच नाही. शोधलं तर मुलाच्या खोलीत भिंतीला घडी करून ठेवलेलं, वर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. खाली गाडी उभी होती, तिच्यात माझा मुलगा आणि सून मांडीवर कागद पसरून काहीतरी खात होते. मला बघून सूनबाईनं खाण्याचा डबा चक्क सीटखाली सारला. चोरी करताना पकडल्यासारखी दोघं. आणि हे? हे सापडले गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली यांच्याकडेच असते. अंधारात उभे, एका हातात पाव, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं.

'हे काय चाललंय?'

'काही नाही. मोटारीचं तेल बघायला आलो होतो.'

'अंडं घेऊन?'

तर अंडं पाठीमागे नेलं. मग हळूच म्हणाले, 'तुझ्यासमोर तोंडात घास फिरत नाही गं. तू बघत असतेस.'

'मग? डोळे मिटून बसू का मी?'

'तसं नाही. तुझी थुंकीसुद्धा गिळली जात नव्हती आणि मी तिथं बसून भात कालवायचा? आम्ही तिघांनी ठरवलं, तू जेवायला लागेपर्यंत घरात अन्न शिजवायचं नाही.'

धाकटे, तिघांनी ठरवलं! मला न विचारता! माझ्या घरातलं माझंच स्वयंपाकघर बंद केलं, आणि कारण काय तर माझ्यावर प्रेम. मला इतका राग आला की पायऱ्या उतरताना धाप लागली नाही, एरवी लागते. माणूस गेल्यावर घर जसं होतं तसं घर करून ठेवलं होतं यांनी, आणि मी आपली आत पडून नाकाला दोष देत होते. त्या रात्री मी फर्मान काढलं. उरलासुरला आवाज गच्चीवर संपला होता म्हणून पाटीवर खडूनं लिहिलं, माझ्या कटिंगच्या खडूनं: उद्यापासून टेबल जागेवर. रोज सगळ्यांनी जेवायचं. माझ्यासमोर.

पहिल्या दिवसाचं विचारूच नकोस. सूनबाईनं कांदा परतला आणि घरभर तो वास पसरला. आता तुझ्याशी खोटं बोलून काय करू? मला सहन झालं नाही. मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. पोटाची भूक नव्हती, पोट सवत भरते. तोंडाची भूक. दातांखाली काहीतरी कुरकुरीत यावं, जीभ भाजावी, घशाशी आंबट लागावं. वाटलं, बाहेर जाऊन म्हणावं, तुमचंच बरोबर होतं, जा गच्चीवर.

पण मग बाहेरून काहीच आवाज येईना. चमच्याचासुद्धा नाही. तिघं ताटं वाढून, हात मांडीवर ठेवून बसले होते, मी आत रडतेय ते ऐकत. म्हटलं, असं चालायचं नाही. तोंड धुतलं, माझा थुंकायचा पेला घेतला, सवतीला खुंटीवरून उतरवून टेबलाशी आणलं आणि माझ्या खुर्चीत बसले. म्हटलं, चला, सुरू करा.

कसं जेवले सांगू? परीक्षेला बसल्यासारखे. मान खाली, घास चावल्याचा आवाज येऊ नये म्हणून गाल फुगवून. असं चार-पाच दिवस चाललं. मग एक दिवस मुलगा सवयीनं बोलून गेला, 'आज मीठच नाहीये कशाला.' आणि दचकून थांबला. मी अन्नाला मुकलेली आणि हा मिठावरून तक्रार करतोय! सूनबाईनं त्याला टेबलाखालून लाथ मारली ती चुकून यांना लागली. हे ओरडले. आणि मला हसू फुटलं. मग सूनबाई म्हणाली, 'स्वतः करा की मग उद्या!' मुलगा म्हणाला, 'करतो, तुझ्यापेक्षा बरं करतो.' असे भांडले गं दोघं, असे भांडले! माझं घर मला परत मिळालं.

आता रोज भांडतात. सूनबाई शिजवताना चमचा माझ्या नाकाशी धरते, मी वासावरून सांगते काय कमी आहे ते. चुकत नाही. मला माझ्या माणसांचा अभिमान वाटतो. सोपं नसतं असं जेवणं, आणि ते तिघं रोज जेवतात.

तर येत्या रविवारी तू ये. पूर्वी यायचीस तशी, दुपारच्या जेवणाला. महिनाअखेरीस मला हॉस्पिटलात थोडं काम आहे, त्याचं मग लिहीन. तब्येतीला जप.

तुझी,
थोरली


गुरुवार, दि. १९ मार्च

धाकटे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी बोलणी खा. तेवढं तरी खाशील ना?

रविवारी टेबलावर चौथं ताट मांडलं होतं. अडीच वाजेपर्यंत थांबून आम्ही ते उचललं. आणि मंगळवारी तुझी चिठ्ठी आली. 'ताई, रागावू नकोस. तू पहिलं ताट जेवशील त्या दिवशीच मी पोटभर जेवीन, अशी शपथ घेतलीय. एक वेळ खाते, भात आणि गोड सोडलंय. तुझ्यासमोर बसून जेवणं मला या जन्मी जमणार नाही.'

वा! घरातले तिघं गच्चीवर लपत होते, त्यांना खाली आणलं, तर माझी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला उपाशी बसलीय. तुला कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं? शाळेत मुलांना दिवसभर मैदानावर पळवतेस, शिट्ट्या फुंकतेस, आणि एक वेळ खाऊन? चक्कर येऊन पडलीस तर तुझ्या पोरांसमोर काय सांगशील, बहिणीची अन्ननलिका बिघडली म्हणून मी पडले?

आता मी मागच्या पत्रात जे झाकलं ते नीट वाच. बसून वाच. महिनाअखेरीस हॉस्पिटलात 'थोडं काम' म्हटलं होतं, ते ऑपरेशन आहे. येत्या मंगळवारी.

किरणं आणि केमोनं गाठ बरीच आक्रसली. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, थांबायचं, वरचेवर तपासण्या करत बघत राहायचं. दुसरी, अन्ननलिकेचा तो भाग काढून टाकायचा आणि जठर वर ओढून छातीत जोडायचं. मोठं काम आहे. टेबलावरून काही माणसं परत येत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. मीच विचारलं म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आणि आले परत तर पूर्वीसारखी जेवेन? म्हणाले, 'नाही. बशीभर खायचं, दिवसातून बऱ्याच वेळा. खाऊन आडवं व्हायचं नाही. रात्री उंच उशांवर झोपायचं. भरलेलं ताट आता विसरा.' मी विचारलं, 'पण ती बशी घेऊन माणसांत बसता येईल?' ते म्हणाले, 'हो, ते येईल.' मग मी म्हटलं, करा.

हे माझं मीच ठरवलं. घरच्यांनी मला न विचारता ठरवलं होतं ना, आता मी ठरवून त्यांना सांगितलं. हे उठले, सवतीची पिशवी धुतली, पुन्हा धुतली, पुन्हा धुतली. मग येऊन माझ्याशेजारी बसले.

मी घाबरलेय. हे फक्त तुला लिहितेय. हातात कात्री धरली की बोटं थरथरत नाहीत म्हणून कामावर जाते, एवढंच कारण आहे कामावर जायचं. बाकी सगळी बढाई. पोरींना सांगून आलेय, मी परत येईपर्यंत नव्या मुलीला टेबलाला हात लावू देऊ नका. 'परत येईपर्यंत' म्हणताना माझा आवाज फाटला, तर त्या समजल्या आवाज बसलाय म्हणून फाटला.

आता तुझ्या शपथेचं बघ. मी पहिलं ताट जेवेन तेव्हा तू जेवणार. डॉक्टर म्हणतात, भरलेलं ताट मी कधीच जेवणार नाही. म्हणजे मी मंगळवारी वाचले तरी तू जन्मभर अर्धपोटी. आणि नाही वाचले तर? तर मग तुझी शपथ सोडवायला कोण येणार आहे गं? भाताचा घास समोर आला की तुला मी आठवणार, आणि तू ताट सरकवणार. मला असं आठवायचं? मी आयुष्यभर पोरींना कापड वाया घालवू दिलं नाही, आणि माझी सख्खी बहीण माझ्या नावानं वाया जाणार? ही तुझी शपथ उरावर घेऊन मी त्या टेबलावर झोपणार नाही. सांगून ठेवते.

तुला एक गोष्ट माहीत नाही, कारण ती मलाही या आजारातच कळली. गेले कित्येक महिने मी पडल्यापडल्या काय काय आठवलं असेल असं तुला वाटतं? पदार्थ? पहिले काही दिवस पदार्थ आठवले. मग नुसती माणसं आठवायला लागली, जेवतानाची. आणि त्यांत सगळ्यात जास्त तू. तू जेवतेस तसं आमच्या घरात कोणी जेवत नाही. तोंडात घास असताना बोलतेस. भात कालवताना मनगटापर्यंत हात भरवतेस. आवडलं की डोळे मिटून 'अगंऽ' म्हणतेस. दुसऱ्याच्या ताटातलं न विचारता उचलतेस. लहानपणी याच गोष्टींवरून मी तुला चिमटे काढायची. हे आणि ती दोघं जेवतात, शहाणी आहेत, माझ्यासाठी जेवतात. तू तशी जेवू शकत नाहीस, तुला भान राहत नाही. मला ते भान नसलेलं जेवणं बघायचंय. मंगळवारी मला भूल देतील तेव्हा डोळ्यांसमोर काय असावं हे ठरवायचा हक्क मला आहे की नाही?

तू रडशील, पहिला घास उतरणार नाही, हे मला कळतं. मीही उशीत तोंड खुपसून रडले होते, लिहिलंय ना तुला. रड. मग तोंड धू आणि जेव. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या घरात आता सगळे रडून जेवायला शिकलेत, आणि आम्हाला त्याचा भारी अभिमान आहे.

पत्र टपालानं पाठवत नाही, तुझे भावोजी घेऊन आलेत. तू वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही आणि 'येते' म्हटल्याशिवाय परत यायचं नाही, असं बजावलंय. त्यांना आधी काहीतरी खायला घाल आणि समोर बसून तूही खा. ते मला येऊन खरं सांगतात.

रविवारी दुपारी एक वाजता. भात सूनबाई करणार आहे, गोड मी वास घेऊन पास करणार आहे. तुझी खुर्ची माझ्या अगदी समोर ठेवतेय. माझ्या पायांकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. तू पोटभर जेव. मी पोटभर बघते.

आणि हा आशीर्वाद, शेवटी देईन म्हटलं होतं तो: तुझी भूक कधी मरू नये.

ताट वाढून बसलेली,
तुझी थोरली